उत्तर प्रदेशच्या मतपेटीतील मराठी नावे

सुवर्णमहोत्सव हा हिशेबाचा प्रसंग असतो. पन्नास वर्षांत किती गणेशोत्सव झाले, किती नाटके बसली, किती संक्रांतींना तिळगूळ वाटला, हे मंडळाच्या अहवालात येईलच. प्रस्तुत लेखकाला या निमित्ताने एक निराळा हिशेब मांडावासा वाटतो. ज्या उत्तर प्रदेशात आपण घरे केली, मुले वाढवली, त्या प्रांताच्या सार्वजनिक जीवनात मराठी माणसाचे स्थान काय राहिले? तो येथे पाहुणा ठरला की घरचा? अशा प्रश्नाला भावनेच्या भरात हवे ते उत्तर देता येते. परंतु लोकशाहीत त्याचे एक मोजून घेतलेले उत्तरही मिळते, आणि ते मतपेटीत असते. या प्रांतातून निवडणुकीला उभ्या राहिलेल्या काही मराठी उमेदवारांची कहाणी म्हणूनच येथे सांगावयाची आहे.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर प्रदेशच्या वाट्याला लोकसभेच्या ८६ जागा आल्या होत्या. त्या वेळची मतदानाची रीत आजच्या तरुण वाचकांना ठाऊक नसेल. मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे छापलेली नसत. मतदान केंद्रात प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी मांडलेली असे, पेटीवर त्याचे चिन्ह डकवलेले असे, आणि मतदाराने हातातली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची असे. त्यामुळे अवधच्या एखाद्या खेड्यातील शेतकऱ्याला उमेदवाराचे अपरिचित आडनाव वाचण्याची गरजच पडत नसे. तो बैलजोडी पाही किंवा झोपडी पाही. तरीही उमेदवार कोण, कोठला, कोणाचा, हा प्रश्न गावाच्या पारावर चर्चिला जाई आणि त्याचे उत्तर शोधूनच माणूस मतदानाला जाई. आपल्या विषयाचे मर्म त्या प्रश्नात आहे.

कायद्याने तर हे दार आरंभापासूनच उघडे ठेवले आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार विधानसभेचा उमेदवार त्या राज्यातील एखाद्या मतदारसंघाचा मतदार असावा लागतो. लोकसभेच्या सर्वसाधारण जागेसाठी मात्र तो देशातील कोणत्याही मतदारसंघाचा मतदार असला, वयाची पंचवीस वर्षे पूर्ण झालेली असली, म्हणजे पुरे. साताऱ्याच्या मतदाराने गोरखपुरातून उभे राहावे, गोरखपूरच्या मतदाराने साताऱ्यातून. घटनाकारांच्या दृष्टीने लोकसभेचा सभासद हा प्रथम देशाचा प्रतिनिधी होता. परंतु कायद्याने उघडलेल्या दारातून आत गेल्यावर घरातली माणसे 'या, बसा' म्हणतील की नाही, हे कायदा सांगू शकत नाही. ते मतदारच सांगतो.

या कहाणीचा आरंभ झाशीपासून करणे योग्य होईल, कारण झाशी ही आपल्याला परकी नाहीच. अठराव्या शतकात नारोशंकरांनी त्या किल्ल्याखालचे शहर वसवले, कोकणातून आलेल्या नेवाळकरांनी तेथे सुभेदारी केली, आणि काशीत जन्मलेल्या मनकर्णिका तांब्यांचा विवाह तेथील गणेश मंदिरात होऊन त्या राणी लक्ष्मीबाई झाल्या. १८५७ नंतर राज्य गेले, सनदा गेल्या, परंतु मराठी कुटुंबे तेथेच राहिली. वकिली, शिक्षकी, भिक्षुकी करीत त्यांनी बुंदेलखंड हीच आपली भूमी मानली. अशाच एका कुटुंबात ६ जानेवारी १८९१ रोजी रघुनाथ विनायक धुळेकर यांचा जन्म झाला. ते वकील झाले, स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले, घटनासमितीवर संयुक्त प्रांतातून गेले, आणि १९५२ मध्ये झाशी जिल्ह्यातून काँग्रेसचे उमेदवार म्हणून लोकसभेवर निवडून आले. पुढे उत्तर प्रदेश विधान परिषदेचे सभापतिपदही त्यांच्याकडे आले.

धुळेकरांचे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्यांना आठवते ते एका निराळ्याच कारणाने. १० डिसेंबर १९४६ रोजी, म्हणजे घटनासमितीच्या अगदी दुसऱ्या दिवशी, ते उभे राहिले आणि हिंदुस्थानीतून बोलू लागले. पुष्कळ सभासदांना ही भाषा येत नाही, असे तात्पुरते अध्यक्ष सच्चिदानंद सिन्हा यांनी निदर्शनास आणल्यावर, ज्यांना ती येत नाही त्यांना या सभेत बसण्याचा अधिकार नाही, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले. दक्षिणेकडील सभासद दुखावले गेले. ज्याच्या आडनावातच धुळे आहे अशा माणसाने हिंदीचा असा कैवार घ्यावा, याचे आपल्याला आज नवल वाटेल. परंतु झाशीच्या दृष्टीने त्यात नवल काही नव्हते. धुळेकर मराठी घरात वाढले होते, पण त्यांचे सार्वजनिक जीवन हिंदीत घडले होते. त्यांचा आग्रह अतिरेकी होता, हे मान्य करावेच लागेल. नव्याने आपले म्हटलेल्या घराचा अभिमान माणूस कधी कधी जुन्या घरमालकाहूनही तीव्रपणे बाळगतो, हा अनुभव मात्र आपल्यापैकी अनेकांना असेल.

धुळेकर जन्माने तेथले होते. पुण्यात जन्मून पूर्व उत्तर प्रदेशाचे झालेले एक गृहस्थ त्याहून विलक्षण होते. राघवेंद्र पाचापूरकर हे त्यांचे मूळ नाव. ऐन तारुण्यात घर सोडून ते गुरूच्या शोधात निघाले आणि देवरियाजवळच्या बरहज येथे अनंत महाप्रभूंच्या आश्रमात स्थिरावले. तेथे ते बाबा राघवदास झाले. पूर, रोगराई आणि दारिद्र्य यांनी गांजलेल्या त्या मुलखात त्यांनी शाळा काढल्या, कुष्ठरोग्यांची सेवा केली, सत्याग्रहात तुरुंगवास भोगला. लोक त्यांना पूर्वांचलचे गांधी म्हणत. गोरखपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाला आज त्यांचेच नाव आहे.

१९४८ मध्ये समाजवाद्यांनी काँग्रेस सोडली तेव्हा आचार्य नरेंद्र देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विधानसभेच्या जागांचेही राजीनामे दिले. फैजाबादच्या पोटनिवडणुकीत आचार्यांसमोर काँग्रेसने उभे केले ते बाबा राघवदासांना. आचार्य त्याच गावचे, विद्वान, सर्वमान्य. बाबा बाहेरचे. निकाल लागला तेव्हा बाबा सुमारे तेराशे मतांनी विजयी झाले होते. मराठी माणूस जिंकला म्हणून येथे टाळ्या वाजवण्याचा मोह होईल, पण तो आवरला पाहिजे. त्या प्रचारात आचार्यांच्या निरीश्वरवादाचा मुद्दा करण्यात आला, आणि अयोध्येच्या पवित्र भूमीवर नास्तिक कसा निवडून द्यावा, असा सवाल मतदारांना घालण्यात आला. ज्या काँग्रेसमध्ये आचार्यांनी आयुष्य वेचले तिनेच हे करावे, याची खंत पुढील इतिहासकारांनी व्यक्त केली आहे. या निवडणुकीतून आपल्यापुरता बोध इतकाच की, पुण्यात जन्मलेला संन्यासी फैजाबादच्या मतदाराला परका वाटला नाही; परका ठरवला गेला तो घरचाच विद्वान. परकेपणा हा जन्मगावावर अवलंबून नसतो. तो पुष्कळदा तयार केला जातो. बाबा स्वतः सत्तेत रमले नाहीत. विनोबांच्या भूदान यज्ञात त्यांनी स्वतःला झोकून दिले आणि जानेवारी १९५८ मध्ये भूदानाच्याच कार्यात असता त्यांचे निधन झाले.

पहिल्या लोकसभेत उत्तर प्रदेशातून गेलेले दुसरे मराठी नाव डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांचे. पुण्यात १९०३ साली जन्मलेले केसकर काशी विद्यापीठाच्या वातावरणात घडले, पॅरिसला जाऊन डॉक्टरेट घेऊन आले आणि काँग्रेसच्या मध्यवर्ती कचेरीत परराष्ट्रविषयक कामात मुरले. १९५२ मध्ये ते सुलतानपूर जिल्ह्यातून आणि १९५७ मध्ये शेजारच्या मुसाफिरखाना मतदारसंघातून निवडून आले. मुसाफिरखान्याचा हा मुलूख पुढे अमेठी मतदारसंघात गेला आणि देशभर गाजला. पण तेथे एके काळी एका पुणेकराने प्रतिनिधित्व केले होते, याचे स्मरण फारसे कोणाला राहिलेले नाही.

केसकर दहा वर्षे माहिती व नभोवाणी मंत्री होते आणि त्या काळातील त्यांची कीर्ती म्हणा, अपकीर्ती म्हणा, संगीताशी जोडलेली आहे. शास्त्रीय संगीताला आकाशवाणीवर मानाचे पान मिळावे म्हणून त्यांनी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केले, गायकवादकांच्या गुणवत्तेची प्रतवारी लावली, आणि चित्रपटगीतांना जवळजवळ दार बंद केले. श्रोते मग रेडिओ सिलोनकडे वळले. अखेरीस ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून आकाशवाणीला हलक्याफुलक्या गाण्यांशी तडजोड करावी लागली. येथे एक गोष्ट ध्यानात येते. केसकरांच्या विजयात काँग्रेस या संस्थेचा, बैलजोडी या चिन्हाचा आणि नेहरूंच्या नावाचा वाटा मोठा होता. ते दिल्लीतून सुलतानपूरला गेले होते. त्यांच्या नावाने त्या जिल्ह्यात राघवदासांसारखी लोककथा उरली नाही. पक्षाचा शिक्का माणसाला निवडून आणतो, पण गावाच्या आठवणीत ठेवत नाही. ते काम ज्याचे त्यालाच करावे लागते.

ज्या दिवशी विविध भारती सुरू झाली त्याच ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात एक घटना घडली, आणि तिचा संबंध थेट आपल्या गाझियाबादशी येऊन पोहोचतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संकल्पनेतील रिपब्लिकन पक्षाची स्थापना त्या दिवशी झाली. पक्षाचे बहुतेक पुढारी मराठी, त्याची दीक्षाभूमी नागपूर, त्याचे बळ महाराष्ट्रात. १९५७ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने संयुक्त महाराष्ट्र समितीबरोबर राहून चांगले यश मिळवले होते. कर्मवीर दादासाहेब गायकवाड नाशिकहून लोकसभेवर गेले होते. पण १९६२ साली चमत्कारिक गोष्ट घडली. महाराष्ट्रात या पक्षाला लोकसभेची एकही जागा मिळाली नाही, स्वतः दादासाहेब पराभूत झाले. आणि उत्तर प्रदेशात मात्र तीन जागा मिळाल्या. अलीगढहून बुद्धप्रिय मौर्य, हाथरसहून ज्योतिस्वरूप आणि मुरादाबादहून मुझफ्फर हुसैन हे रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार विजयी झाले.

यांपैकी अलीगढची जागा राखीव नव्हती. एका बौद्ध वकिलाने सर्वसाधारण जागेवरून, दलित आणि मुसलमान मतदारांना एकत्र आणून काँग्रेसचा पराभव केला. आग्रा-अलीगढ या पट्ट्यातील चर्मोद्योगात राबणाऱ्या जाटव समाजाने बाबासाहेबांना आपले मानले होते. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला झालेली त्यांची सभा तेथील वृद्धांच्या आठवणीत दीर्घकाळ राहिली. त्या सभेला जमलेल्यांची मातृभाषा मराठी नव्हती. महू येथे जन्मलेल्या, आंबडव्याचे मूळ सांगणाऱ्या कुटुंबातील त्या महापुरुषाचा विचार तेवढा त्यांच्यापर्यंत पोहोचला, आणि विचाराला आडनाव नसते.

मौर्य पुढे काँग्रेसमध्ये गेले आणि १९७१ मध्ये हापुडहून लोकसभेवर निवडून आले. त्या काळी गाझियाबाद शहर याच हापुड मतदारसंघात होते. हापूसची आठवण काढणारा मराठी माणूस येथे येऊन हापुडचा मतदार झाला, ही आपल्या जुन्या सभासदांची आवडती कोटी. पण गंमत बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. नागपुरात रुजलेल्या चळवळीत घडलेला एक पुढारी आपल्या या औद्योगिक नगरीचा खासदार झाला होता. मराठी उमेदवार या मतदारसंघातून निवडून आल्याचे उदाहरण नाही. मराठी भूमीतील विचार मात्र येथल्या मतपेटीपर्यंत येऊन गेला आहे.

१९७७ साली आणखी एक मराठी नाव उत्तर प्रदेशच्या यादीत आले. चंडिकादास अमृतराव देशमुख, अर्थात नानाजी देशमुख. हिंगोली जिल्ह्यातील कडोळी येथे ११ ऑक्टोबर १९१६ रोजी त्यांचा जन्म झाला. घरची अत्यंत गरिबी, बालपणी आईवडिलांचे छत्र हरपलेले. संघाचे प्रचारक म्हणून ते आधी आग्र्याला आणि मग गोरखपूरला आले. ओळख ना देख. धर्मशाळेत तीन दिवसांपेक्षा अधिक राहता येत नसे, म्हणून एका धर्मशाळेतून दुसऱ्या धर्मशाळेत बिऱ्हाड हलवायचे. अखेर त्यांना आसरा दिला तो बाबा राघवदासांनी. अट इतकीच की नानाजींनी स्वयंपाक करावा. पुण्याचा संन्यासी आणि मराठवाड्याचा प्रचारक, एक काँग्रेसचा आणि एक संघाचा, गोरखपुरात एकाच चुलीवरचे अन्न खात होते. परमुलखात माणसे अशीही जवळ येतात. मंडळे स्थापन होतात तीसुद्धा अशाच कोणत्यातरी चुलीपाशी.

नानाजींनी तेथे पंधरा-वीस वर्षे खपून संघटना उभी केली, गोरखपुरात पहिले सरस्वती शिशुमंदिर सुरू केले, आणि १९६७ मध्ये उत्तर प्रदेशात चौधरी चरणसिंगांच्या नेतृत्वाखाली संयुक्त सरकार आले तेव्हा परस्परविरोधी पक्षांची मोट बांधणाऱ्यांत ते होते. ४ नोव्हेंबर १९७४ रोजी पाटण्यात जयप्रकाश नारायण यांच्यावर उगारलेली लाठी त्यांनी स्वतःच्या हातावर झेलली. आणीबाणीनंतरच्या निवडणुकीत ते बलरामपूरहून जनता पक्षाचे उमेदवार म्हणून उभे राहिले. तराईतला हा मतदारसंघ. १९५७ मध्ये अटलबिहारी वाजपेयी येथूनच प्रथम लोकसभेत गेले होते. नानाजींच्या विरोधात काँग्रेसच्या उमेदवार होत्या बलरामपूर संस्थानच्या राणीसाहेब. ज्यांच्या घराण्याच्या नावाने गाव ओळखले जाते त्या राणीचा, कडोळीहून आलेल्या एका फकिराने पराभव केला. त्या वर्षी उत्तर प्रदेशातील ८५ पैकी एकही जागा काँग्रेसला मिळाली नाही, तेव्हा लाटेचा वाटा मोठा होता, हे खरेच. परंतु नानाजींचे वेगळेपण निकालानंतर दिसले. देऊ केलेले मंत्रिपद त्यांनी घेतले नाही. साठी उलटलेल्यांनी सत्ता सोडून समाजकार्य करावे, असे ते म्हणाले, आणि स्वतः ते वागून दाखवले. गोंडा जिल्ह्यात त्यांनी जयप्रभाग्राम उभारले, पुढे चित्रकूटला ग्रामविकासाचे काम केले, आणि २७ फेब्रुवारी २०१० रोजी चित्रकूटलाच देह ठेवला. २०१९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. ज्या प्रांताने मत दिले त्या प्रांताला त्यांनी उरलेले आयुष्य दिले.

या मालिकेत एका पराभवाचीही नोंद हवी. १९८० मध्ये रायबरेलीत इंदिरा गांधींच्या विरोधात जनता पक्षाने ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे यांना उमेदवारी दिली. राजमातांचा जन्म सागरचा आणि माहेर नेपाळच्या राणा घराण्याशी संबंधित. पण त्या सून झाल्या त्या साताऱ्याच्या कण्हेरखेडहून निघालेल्या शिंद्यांच्या. तीन वर्षांपूर्वी राजनारायण यांनी रायबरेलीतच इंदिराजींना हरवले होते, म्हणून ही लढत देशभर चर्चिली गेली. राजमातांचा पराभव पावणेदोन लाखांच्या आसपास मतांनी झाला. मध्य प्रदेशात ज्यांना लोक दर्शनाला येत, त्यांना रायबरेलीने परत पाठवले. घराण्याची पुण्याई नदीसारखी असते. तिचे पाणी तिच्याच खोऱ्यात चालते.

उत्तर प्रदेशच्या बाहेरही अशी उदाहरणे आहेत. पुण्याचे मधु लिमये बिहारमधून, आधी मुंगेरहून आणि नंतर बांक्याहून, चार वेळा लोकसभेवर गेले. चिपळूणच्या सुमित्राताई महाजन इंदूरहून १९८९ पासून सलग आठ वेळा निवडून आल्या आणि २०१४ ते २०१९ लोकसभेच्या अध्यक्षा होत्या. ही नावे सांगताना आपली छाती फुगते आणि ती फुगावीही.

परंतु हिशेब मांडायचा तर दोन्ही बाजूंचा मांडला पाहिजे. मधु लिमये मुंगेरहून दुसऱ्यांदा निवडून आले त्याच १९६७ च्या निवडणुकीत आपल्या मुंबईत काय झाले? मलबारचे व्ही. के. कृष्ण मेनन १९५७ आणि १९६२ मध्ये उत्तर मुंबईतून काँग्रेसचे उमेदवार म्हणून निवडून आले होते. दुसऱ्या वेळी तर आचार्य कृपलानींचा त्यांनी लाखाहून अधिक मतांनी पराभव केला होता. १९६७ मध्ये ते महाराष्ट्राचे नाहीत, या कारणावरून त्यांना तिकीट नाकारण्यात आले. त्यांनी पक्ष सोडला, अपक्ष म्हणून लढले, आणि स. गो. बर्वे यांच्याकडून पराभूत झाले. बर्व्यांचे अल्पावधीत निधन झाले, पोटनिवडणूक झाली, आणि बर्व्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे यांनी मेनन यांना पुन्हा हरवले. चीनच्या युद्धातील संरक्षणमंत्री म्हणून मेनन यांच्यावर रोष होता, बर्वे हे कर्तबगार प्रशासक होते, हे सर्व मान्य. तरीही 'बाहेरचा' हा शब्द त्या प्रचारात उघडपणे वापरला गेला, ही गोष्ट लपवता येत नाही. मेनन यांना मग बंगालमधील मिदनापूरने १९६९ मध्ये आणि त्रिवेंद्रमने १९७१ मध्ये निवडून दिले.

मुंबईची एवढी एकच बाजू सांगितली तर तेही अन्यायाचे होईल. त्याच १९६७ साली मुंबईने मंगळूरच्या जॉर्ज फर्नांडिस यांना निवडून दिले आणि अस्सल कोकणी मराठी असलेल्या स. का. पाटलांना हरवले, आणि हरलेल्या पाटलांना १९६९ मध्ये गुजरातमधील बनासकांठाने लोकसभेत पाठवले. मतदार एकाच वेळी उदार आणि अनुदार असू शकतो. परंतु जे बिहारने लिमयांना दिले आणि बलरामपूरने नानाजींना दिले, ते मुंबईत येणाऱ्या पूरबियाला किंवा मल्याळ्याला देताना आपला हात आखडतो का, हा प्रश्न परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाने विचारला नाही तर कोणी विचारावा? आपण दोन्ही तीरांवरून नदी पाहिलेली आहे. रजेवर गावी गेल्यावर 'तिकडच्या भय्यांविषयी' कोणी काही बोलू लागले की, आपल्या शेजाऱ्याचा, आपल्या आजारपणात रात्री दवाखान्यात धावलेल्या त्या माणसाचा चेहरा आपल्या डोळ्यांसमोर येतो. तेव्हा आपण गप्प बसतो. बसू नये.

आता आपल्या दाराशी येऊ. १४ नोव्हेंबर १९७६ रोजी मेरठमधून निघून गाझियाबाद स्वतंत्र जिल्हा झाला. त्या सुमारास भारत इलेक्ट्रॉनिक्स, सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स, हिंडनचा वायुसेनेचा तळ आणि साहिबाबादचे कारखाने यांच्या ओढीने चहूप्रांतांतील माणसे येथे आली आणि त्यांत आपणही होतो. २००९ मध्ये हापुडचे नाव जाऊन गाझियाबाद हा लोकसभेचा मतदारसंघ झाला. त्याचे पहिले खासदार राजनाथ सिंह हे पूर्वेकडील चंदौलीचे. २०१४ आणि २०१९ मध्ये निवडून आलेले जनरल व्ही. के. सिंह मूळचे हरियाणाचे, आणि योगायोगाने जन्माने पुण्याचे. २०१४ मध्ये त्यांचे मताधिक्य साडेपाच लाखांहून अधिक होते. २०२४ मध्ये निवडून आलेले अतुल गर्ग मात्र याच शहराचे. २०१९ मध्ये येथे २७ लाखांहून अधिक मतदार होते. बाहेरून आलेल्यांनी वसवलेल्या या शहराने बाहेरून आलेल्या उमेदवारांना वारंवार स्वीकारले, यात आश्चर्य नाही.

या २७ लाखांत आपण किती? संख्येचा प्रश्न सोडा. निवडून येण्याइतके किंवा कोणाला पाडण्याइतके आपण नाही आणि होणारही नाही. प्रश्न असा आहे की, येथे तीस-तीस वर्षे राहूनही ज्यांचे नाव अजून गावच्या यादीत आहे, असे सभासद किती? गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेता घेता हा विषय निघाला की नेहमी तेच ऐकू येते: नाव गावीच आहे, तेवढाच धागा राहिला आहे, कशाला तोडा? ही भावना खरी आहे. तिची चेष्टा करता येणार नाही. पण १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात एक वाक्य आहे, ते घटकाभर विचार करण्याजोगे आहे. एखाद्या मतदारसंघात केवळ घर आहे, एवढ्यावरून तो माणूस तेथला 'सामान्य रहिवासी' ठरत नाही, असे तो कायदा म्हणतो; आणि एकाहून अधिक मतदारसंघांत नाव ठेवण्यासही मनाई करतो. म्हणजे गावातल्या बंद घराच्या कुलपाने आपण तेथले मतदार ठरत नाही. जेथे आपण दूध घेतो, मुलांना शाळेत घालतो, पाणी आले नाही म्हणून ज्या महापालिकेला शिव्या देतो, ते आपले गाव.

धुळेकरांची झाशी, राघवदासांचे बरहज, नानाजींचे चित्रकूट या नावांकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. त्यांपैकी कोणी आपले मराठीपण पुसले नव्हते, आणि ते पुसावे असे कोणी त्यांना म्हटलेही नव्हते. उत्तर प्रदेशच्या मतदाराने त्यांना आडनाव विचारले नाही. पूर आला तेव्हा तुम्ही कोठे होता, सत्याग्रह झाला तेव्हा कोठे होता, आणि निवडून आल्यावर कोठे राहणार आहात, एवढेच त्याने विचारले. ज्यांना उत्तर देता आले ते त्याचे झाले. ज्यांना अर्धवट देता आले त्यांना तो पुढे विसरला.

मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत आपल्यातून कोणी उमेदवार होईल की नाही, हे सांगता येत नाही. कदाचित आज बालवर्गाच्या नाटुकल्यात शिवाजी झालेली एखादी मुलगी उद्या महापालिकेच्या निवडणुकीला उभी राहील. तिची हिंदी आपल्याहून चांगली आहे आणि तिचे मित्रमैत्रिणी याच गल्लीत आहेत. ती उभी राहिली तर तिला मत देण्यासाठी तरी आपले नाव येथल्या यादीत असावे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळाने इतर संकल्पांबरोबर हाही एक संकल्प करावा की, पुढील गणेशोत्सवापर्यंत प्रत्येक सभासद कुटुंबातील प्रौढ व्यक्तीचे नाव ती जेथे राहते तेथील मतदारयादीत नोंदलेले असेल. गावाकडचा धागा त्याने तुटत नाही. तो भाषेने, देवाने आणि सणांनी बांधलेला आहे, आणि तो सांभाळण्याचे काम या मंडळाने पन्नास वर्षे निष्ठेने केले आहे. येथल्या धाग्याला मात्र गाठ आपल्यालाच मारायची आहे, एवढेच या मंगल प्रसंगी नम्रपणे सुचवावेसे वाटते.